'कामावर आहे किंवा होता'

काशिनाथच्या उजव्या नाकपुडीत मी टॉर्च मारला आणि मला त्याची डावी नाकपुडी दिसली.

असं दिसायला नको. दोन नाकपुड्यांच्या मधे कुर्चेची भिंत असते, आम्ही डॉक्टर तिला सेप्टम म्हणतो. काशिनाथच्या भिंतीला आरपार भोक होतं. मसुराच्या दाण्यापेक्षा मोठं, कडा गुळगुळीत. मी टॉर्च बंद केला, पुन्हा लावला, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. भोक तिथंच होतं.

"दुखतं का रे?"

"नाय बाय. दुखत काय नाय. जोरात श्वास घेतला का शीळ वाजते फक्त. पोरगा हसतो."

तो नाक दाखवायला आलाच नव्हता. हातावरची जखम महिनाभर भरत नाही म्हणून आला होता. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर चार गोल खड्डे होते, कुणीतरी मोजून पाडल्यासारखे. तळाशी काळी खपली, कडा कडक. मधुमेह नव्हता, कुष्ठरोगाचा संशय घ्यावा तर बोटांना स्पर्श व्यवस्थित कळत होता. मग कुठं काम करतोस असं विचारलं. तो म्हणाला, "एमायडीसीत, क्रोमच्या टँकवर." तेव्हा मला नाक बघायचं सुचलं.

"तुझ्या खात्यात आणखी कुणाला आहे असं?"

काशिनाथला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "सगल्यांनाच हाय की. जुना मानूस वळखायचा कसा? नाकावरूनच."

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मुरबाडला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा दवाखाना होता. मी मूळची भातसानगरची. वडील धरणावर गेट ऑपरेटर होते. एमबीबीएस झाल्यावर मुंबईत राहायचं सोडून मी इकडं आले, कारण इकडं डॉक्टर कमी होते आणि मला शेजारपाजार ओळखीचा लागतो. माझ्याकडं तापाचे, जुलाबाचे, विंचू चावलेले, बाळंतपणाचे पेशंट यायचे. कारखान्यातल्या आजारांशी माझा संबंध परीक्षेपुरता आला होता. पण क्रोमवर एक प्रश्न हमखास यायचा, म्हणून ते डोक्यात राहिलं होतं.

क्रोम प्लेटिंग म्हणजे लोखंडाच्या वस्तूवर क्रोमियम धातूचा चकचकीत थर चढवणं. मोठ्या टँकमधे क्रोमिक ॲसिडचं लालपिवळं पाणी असतं. त्यात लोखंडी दांडे सोडतात आणि वीज सोडतात. पाण्याला बुडबुडे येतात, ते फुटतात आणि त्यांची बारीक फवार वर उठते. टँकच्या कडेला फवार ओढून घेणारा पंखा नसेल तर ती माणसाच्या नाकात जाते. आतली नाजूक कातडी जळते, कुर्चा मरते, भोक पडतं. हातावर पाणी उडालं आणि तिथं बारीकसा ओरखडा असला की तिथंही खड्डा पडतो. या सगळ्याला क्रोम अल्सरेशन म्हणतात. फारसं दुखत नाही, हीच त्याची खोड. दुखलं असतं तर माणसं केव्हाच ओरडली असती.

मी काशिनाथला मलम दिलं, हात कसे धुवायचे ते दाखवलं आणि म्हटलं, "तुझ्याबरोबरच्यांना पाठव माझ्याकडं. नुसतं बघायचंय."

पुढच्या आठवड्यात ते एकेक करून शिफ्ट सुटल्यावर आले. कुणाच्या नाकाला भोक, कुणाच्या नाकात खपली. एकाचं भोक एवढं मोठं की नाकाचा शेंडा किंचित बसला होता. सगळे ठेकेदाराचे कामगार होते. कुणालाही हातमोजे मिळत नव्हते. पंख्याबद्दल विचारलं तर एक जण म्हणाला, "हाय ना. सायबाच्या केबिनला हाय."

मला राग आला. नोंदवण्यासारखा आजार झाला तर कारखान्यानं सरकारला कळवायचं असतं, एवढं मला अंधुक ठाऊक होतं. कंपनीनं ते केलं नव्हतं हे उघड होतं. या मॅनेजरला नेमकं कलम दाखवायचं असं मी ठरवलं. रविवारी कल्याणला गेले आणि कोर्टाजवळच्या पुस्तकांच्या दुकानातून फॅक्टरी ॲक्ट विकत घेतला. नुसता कायदा, वर कुणाचं स्पष्टीकरण नाही. परतीच्या एस.टी.त बसून वाचायला घेतला.

कायदा तसा सोपा आहे. कलम अठ्ठ्याऐंशी अपघाताचं. कारखान्यात अपघात होऊन कुणी मेला, किंवा अठ्ठेचाळीस तास वा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर मॅनेजरनं इन्स्पेक्टरकडं कळवायचं. पुढचं कलम एकोणनव्वद, आजारांचं. कायद्याच्या मागं एक परिशिष्ट आहे, त्यात आजारांची नावं दिली आहेत. शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा, दगडाच्या धुळीनं फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस वगैरे. क्रोम अल्सरेशन त्यात होतं. यातला आजार कामगाराला झाला की मॅनेजरनं कळवायचं. हे पहिलं पोटकलम. मी पेननं त्याखाली जाड रेघ मारली. सापडला म्हटलं.

मग दुसरं पोटकलम वाचलं. त्यात मॅनेजरचं नावही नव्हतं. कारखान्यात कामावर असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या माणसावर एखादा डॉक्टर उपचार करत असेल, आणि त्याला यातला आजार आहे असं त्या डॉक्टरला वाटत असेल, तर डॉक्टरनं विनाविलंब मुख्य कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसला लेखी कळवायचं. पेशंटचं नाव, पूर्ण पत्ता, आजार आणि कारखान्याचं नाव. नाही कळवलं तर दंड डॉक्टरला.

म्हणजे मला.

एस.टी. टोकावड्याची होती, खचाखच भरलेली. शेजारची बाई कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, "बघा, यांनी मलाच पकडलं." ती म्हणाली, "कोनी गो?" आणि टोपली जरा पलीकडं सरकवली.

मी ते पोटकलम दोनतीनदा वाचलं. 'वाटत असेल' असा शब्द होता. सिद्ध झालं असेल, असा नव्हता. एक्स-रे नको, रक्त तपासणी नको, कारखान्यात जाऊन टँक बघायला नको. मला तसं वाटणं पुरे होतं. खरं-खोटं करायला पुढं सरकारी माणूस होता. आणि पेशंटची माहिती बाहेर सांगायची नाही हा आमचा नियम इथं आड येत नव्हता, कारण कायदाच सांगत होता की सांगा.

तरी पेशंटला न विचारता, त्याच्या पाठीमागं पाठवणं माझ्या मनाला पटेना. मी काशिनाथला बोलावलं. तो बायकोला घेऊन आला. सगुणा नाव तिचं. ती खुर्चीवर बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे यांचं नाव सरकारात जानार," ती म्हणाली.

"हो."

"नि कंपनीला कलनार."

"कळणार."

"मंग काम गेलं तर? तुमी देनार का काम?"

काशिनाथ म्हणाला, "गप गो."

"गप काय? बोलू दे की. बाय, नाक गेलं तरी मानूस जेवतो. काम गेलं तर काय जेवनार?"

तिचं बोलणं खोटं नव्हतं. काशिनाथ आणि बाकीचे राहायचे त्या गावाबाहेरच्या वाडीत कुणाकडं गुंठाभर जमीन नव्हती. कंपनीचं काम मिळाल्यापासून ही माणसं पावसाळा संपल्यावर बायकापोरांसकट वीटभट्टीवर जायची थांबली होती. त्यांची मुलं पहिल्यांदाच सलग वर्षभर एका शाळेत जात होती.

मी म्हटलं, "सगुणा, काम जाणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. पण मी पाठवलं नाही तर उद्या नवीन पोरं त्या टँकवर उभी राहतील, त्यांचीही नाकं जातील. नुसतं नाकावर थांबेल याचीही खात्री नाही. आत फुप्फुसं आहेत."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग विचारलं, "यांचा भाऊ पन कामाला लागलाय आता. त्या टँकवरच. तो पन वाचंल?"

"पंखा बसला तर वाचेल."

"मंग लिवा," ती म्हणाली. "पन नीट लिवा. बापाचं नाव, आडनाव, वाडी, सगलं. अर्धंमुर्धं नको. चिठ्ठी दुसऱ्याच्या घरी जायला नको."

मी प्रत्येक पेशंटचा वेगळा रिपोर्ट केला आणि मुंबईच्या ऑफिसला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला. कल्याणच्या कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसला प्रती दिल्या. मग कंपनीला फोन लावला. मॅनेजरला अंधारात ठेवायचं नव्हतं. त्याचं कर्तव्य त्यालाही सांगायला हवं होतं.

मॅनेजर सावंत दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आले. चाळिशीतला माणूस, नीटनेटका, बोलायला गोड. हातरुमालानं सारखं नाक पुसत होते. सर्दी झाली असेल असं मला वाटलं.

"मॅडम, तुमच्यासारख्या डॉक्टरची आम्हाला गरजच आहे. आमच्या पॅनलवर या ना. आठवड्यातून दोनदा व्हिजिट. प्लांटमधेच बसा."

"येईन की. आधी टँकला पंखे लावा."

"ते बजेटमधे आहे. पण हा रिपोर्ट वगैरे... अहो, आमच्याकडं ॲक्सिडेंट झालेलाच नाही. सेफ्टीचा बोर्ड बघा गेटवर."

"ॲक्सिडेंटचं कलम वेगळं, सावंत साहेब. हा आजार आहे. त्याचं कलम त्याच्या पुढचं."

"आणि ते लोक आमचे नाहीतच. ठेकेदाराचे आहेत."

मी पुस्तक पुढं सरकवलं. कामगार कुणाला म्हणायचं ते कायद्याच्या सुरुवातीलाच दिलं आहे. थेट कामावर घेतलेला असो की ठेकेदारामार्फत, कंपनीला माहीत असो वा नसो, कारखान्यात काम करतो तो कामगार. सावंतांनी वाचलं. ते वाचणारे होते, हे मला बरं वाटलं.

"मॅडम, तुम्ही पाठवू नका. आम्ही आमच्या पातळीवर बघतो."

"काल पाठवला."

त्यांनी पुस्तक मिटलं, नीट सरळ करून टेबलावर ठेवलं आणि उठले. जाताना म्हणाले, "तुम्ही चांगल्या हेतूनं केलंत. पण लोकांना विचारून बघा, ते तुमचे आभार मानतील का."

आठवडा संपायच्या आत ठेकेदारानं त्या सगळ्यांना बंद केलं. कारण सांगितलं नाही. गेटवर नुसतं म्हणाला, "उद्यापासून नको."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वाडीतले पेशंट यायचे बंद झाले. बाजारात एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. त्याच्या नातवाची न्यूमोनियातून मी सुटका केली होती. कंपाउंडर म्हणाला, "लोक बोलतात, डॉक्टरीणबायनी आमच्या पोटावर मारलं." मी रोज पोस्टमनची वाट बघायचे. काशिनाथ आणि बाकीचे सरळगावच्या बाजूला वीटभट्टीवर गेले. सगुणा मात्र वाडीतच राहिली, पोराची शाळा बुडायला नको म्हणून. ती एकदा दवाखान्यासमोरून गेली. मी हाक मारली. ती थांबली.

"रागावलीस?"

"रागावून काय करू? तुमी सांगितलं व्हतं की काम जाईल म्हनून. खोटं नाय बोललात." आणि पुढं म्हणाली, "ते सरकारी लोक कदी येनार?"

"येतील," मी म्हटलं. आतून मला तेवढी खात्री नव्हती.

ते आले. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. सकाळी सरकारी जीप एमआयडीसीच्या रस्त्यानं गेल्याचं कंपाउंडरनं सांगितलं. कारखाना निरीक्षक होते आणि बरोबर सर्टिफाइंग सर्जन. हा सर्जन ऑपरेशन करत नाही. कामगारांना तपासून, आजार कामामुळं आहे की नाही याचा दाखला देणारा हा सरकारी डॉक्टर असतो. माझ्या रिपोर्टवर होय किंवा नाही म्हणणारा माणूस तोच.

दुपारी जीप माझ्या दारात थांबली. मागं सावंतांची गाडी. सर्टिफाइंग सर्जन डॉक्टर मोमीन उतरले. पन्नाशीपुढचे, जाड भिंगाचा चष्मा, चेहऱ्यावर कंटाळा. निरीक्षक कारखान्यातच मोजमाप करत थांबले होते.

"डॉक्टर, तुम्हीच का रिपोर्ट पाठवलेत?"

"हो, सर."

"मी आत्ता प्लेटिंगचं खातं बघून आलो. टँक बंद, मेंटेनन्स चालू. चार कामगार दाखवले. नाकं साफ, हात साफ."

"किती दिवसांपासून आहेत ते त्या खात्यात?"

"तेही विचारलं मी. पॅकिंगमधून आणलेत." ते सावंतांकडं न बघता म्हणाले. "तुमच्या रिपोर्टमधली माणसं कुठं आहेत?"

सावंत पुढं झाले. "सर, ते काम सोडून गेले. आता आमच्याकडं नाहीत. त्यामुळं तो विषय तसा संपतो."

कुणी तोंडात आयता घास द्यावा तसं मला झालं. कायदा टेबलावरच होता. मी पान काढून मोठ्यानं वाचलं. 'कामावर आहे किंवा होता.' म्हटलं, "सर, काम सुटलं म्हणून माझा पेशंट बरा होत नाही. आणि कायदाही सुटत नाही."

डॉक्टर मोमीननी चष्मा वर केला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला. "अगदी बरोबर. मला पेशंट दाखवा. मी थांबतो."

थांबतो म्हणाले, पण माणसं भट्टीवर होती. मी दाराबाहेर आले तर सगुणा समोरच्या पानटपरीपाशी उभी. सरकारी जीप आल्याचं वाडीला केव्हाच कळलं होतं.

"बोलवू?" तिनं विचारलं.

"येतील?"

"न येऊन कुटं जातील?" ती म्हणाली आणि चालायला लागली. टमटमच्या स्टँडपर्यंत ती पळत गेली हे मी पाहिलं.

आम्ही चहा घेतला. डॉक्टर मोमीननी मला विचारलं की हे कलम कुणी सांगितलं. मी पुस्तकाची आणि एस.टी.ची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मी इतकी वर्षं या नोकरीत आहे. गावातल्या डॉक्टरकडून आलेला रिपोर्ट मी पहिल्यांदा बघतोय." सावंत खिडकीपाशी बसून घड्याळ बघत होते. दोनदा उठले, दोनदा बसले.

मग गल्लीत टेंपोचा आवाज आला.

भट्टीचा टेंपो होता, वाडीवरून फिरून आलेला. मागं विटांच्या लाल धुळीत माखलेली माणसं उभी होती. काशिनाथ होता, रिपोर्टमधले सगळे होते. पण टेंपोतून माणसं उतरतच राहिली. ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं असे लोक. एक जण दोन वर्षांपूर्वी काम सोडून किन्हवलीकडं सासुरवाडीला राहायला गेलेला, पाहुणा म्हणून वाडीत आला होता. आणखी तिघं ठेकेदारानं पूर्वी कधीतरी काढलेले. आणि शेवटी सगुणानं स्वतःच्या दिराला हाताला धरून उतरवलं. तो अजून कामावर होता, त्या दिवशी त्याला 'सुट्टी घे' म्हणून घरी बसवलं होतं.

"तुमी म्हनाल्या व्हत्या ना," ती मला म्हणाली, "हाय किंवा व्हता?"

मी तिला तसं कधी म्हटलं नव्हतं. तिनं दाराबाहेरून ऐकलं असणार.

डॉक्टर मोमीननी खुर्ची ओसरीवर घेतली. एकेकाला समोर बसवायचं, नाव विचारायचं, हात बघायचे, मग टॉर्च. ते प्रत्येकाचं लिहून घेत होते. दोनतीन माणसं झाल्यावर त्यांची बसण्याची ढब बदलली, पाठ सरळ झाली. गल्लीत गर्दी जमली. माझ्याकडं बघून तोंड फिरवणारा तो म्हातारा गर्दीत सगळ्यात पुढं होता.

नाकाचा शेंडा बसलेला माणूस समोर आला तेव्हा डॉक्टर मोमीननी हाक मारली, "सावंत साहेब, इकडं या. तुम्हीही बघा."

"मी काय बघणार सर, मी डॉक्टर नाही."

"डॉक्टर असायला लागत नाही. डोळे लागतात."

सावंत आले, वाकले. टॉर्चचा प्रकाश एका बाजूनं आत गेला होता आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडत होता. सावंत तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं आता काहीतरी सबब सांगतील. ते सरळ झाले आणि खिशातून रुमाल काढला. त्या रुमालावर तांबूस डाग होते.

डॉक्टर मोमीननी ते पाहिलं. "तुम्ही टँकजवळ किती असता?"

"रोजच. दांड्यांना क्रोम चढलं की क्वालिटी मीच बघतो. पहिल्यापासून."

"बसा."

"सर, मला फक्त सर्दी..."

"बसा हो."

प्लांट मॅनेजर माझ्या ओसरीवरच्या पेशंटच्या स्टुलावर बसले. डॉक्टर मोमीननी टॉर्च मारला, दोन्ही बाजू बघितल्या आणि मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सांगा." मी पाहिलं. भोक नव्हतं. पण भिंत लाल भडक, मधोमध खपली, खपलीच्या कडेला ताजं रक्त.

"अजून वाचता येईल," मी म्हटलं. "पण सुरुवात आहे."

काशिनाथच म्हणाला, अगदी साधेपणानं, "सायेब, माझं पन असंच सुरू झालेलं. मलम हाय बायकडं. चांगलं हाय."

सावंतांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मालक म्हणतात पंखे पुढच्या वर्षी. मी तेच इकडं सांगत होतो." आणि मग डॉक्टर मोमीनना म्हणाले, "सर, माझंही नाव लिहा."

त्यांनी लिहिलं.

संध्याकाळी निरीक्षक दवाखान्यात आले तेव्हा ओसरीवरची तपासणी संपली होती. डॉक्टर मोमीननी दाखला तिथंच दिला. कामामुळं झालेलं क्रोम अल्सरेशन, माझ्या सगळ्या रिपोर्टना पुष्टी, शिवाय नवीन सापडलेले. टँक पंख्याशिवाय चालवायचे नाहीत असा निरीक्षकांचा लेखी हुकूम निघाला. आजार न कळवल्याबद्दल कंपनीवर खटला भरला गेला, कंपनीनं गुन्हा कबूल केला.

बंद टँकचा दिवस मालकाला परवडत नव्हता. पुढच्या वर्षीच्या बजेटमधले पंखे महिन्याच्या आत बसले. प्रत्येक टँकच्या कडेला फवार ओढून घेणारा लांब हूड, त्याला जाड पाइप, पाइप छपराबाहेर. लांब रबरी हातमोजे आले, एप्रन आले. सावंतांनी ठेकेदाराला सांगितलं की टँक पुन्हा चालू होतील ते याच माणसांना घेऊन. ज्यांची नाकं जास्त खराब होती त्यांना क्रोमपासून लांब, मशीन शॉपमधे आणि स्टोअरमधे घेतलं. काशिनाथ स्टोअरमधे गेला. हातावरचे खड्डे भरले. नाकाचं भोक भरत नसतं, ते राहिलं. पण त्याच्या भावाचं नाक वाचलं, आणि सावंतांचंही. त्यांची खपली माझ्याच मलमानं गेली.

टँक सुरू झाले त्या दिवशी सावंतांनी मला बोलावलं. मी शेडमधे उभी राहिले. टँकमधे बुडबुडे येत होते, फवार उठत होती आणि कडेच्या फटीत सरकन ओढली जात होती, जणू कुणी खालून पदर ओढावा. काशिनाथचा भाऊ हातभर मोजे घालून दांडे सोडत होता. मला बघून त्यानं मान मागं टाकली आणि दोन्ही नाकपुड्या दाखवल्या. सगळे हसले. मी आयुष्यात बरीच बाळंतपणं केली, बरेच जीव वाचवले, पण तेव्हाइतकी ऐट मला क्वचितच वाटली असेल. घरी येऊन श्रीखंड केलं.

दवाखान्यातले वाडीचे पेशंट परत आले. कुणी माफी वगैरे मागितली नाही, मीही विषय काढला नाही. म्हाताऱ्यानं वालाच्या शेंगा आणून दिल्या.

त्या वर्षी शहापूरला दोन तालुक्यांतल्या डॉक्टरांची बैठक झाली. मला अर्धा तास बोलायला दिला. मी औषधं, तालुक्यातल्या साथी असं सगळं सोडून ते एकच पोटकलम वाचून दाखवलं. बहुतेकांना वाटत होतं की हे कंपनीनं कळवायचं असतं. मग आटगावच्या बाजूला दवाखाना असलेले एक ज्येष्ठ डॉक्टर उठले.

"माझ्याकडं दगड फोडायच्या मशीनवरचे दोघं येतात. खोकला आहे. मी टीबीचं औषध देतोय आणि ते बरे होत नाहीत. मला मनातून सिलिकोसिस वाटतोय. पण सिद्ध कसं करू?"

"सिद्ध करायचं नाही, सर," मी म्हटलं. "वाटतंय ना? मग पाठवायचं."

त्यांनी रिपोर्ट पाठवला. त्यानंतर आणखी तिघांनी आपापले पाठवले. डॉक्टर मोमीनची जीप आमच्या रस्त्यांवर पुढं इतकी दिसायला लागली की चहावाला त्यांना नावानं ओळखायला लागला. एकदा ते वैतागून मला म्हणाले, "बाई, तुम्ही माझं काम फार वाढवलंत." चेहरा मात्र अजिबात वैतागलेला नव्हता.

आता मी निवृत्त आहे. नवीन डॉक्टर भेटले की त्यांना एक गोष्ट सांगते. दुसऱ्याला पकडायला कायदा उघडलात तर एका पोटकलमावर थांबू नका, त्याच्या खालचंही वाचा. तिथं आपलंच काम लिहिलेलं असू शकतं, आणि बहुतेक वेळा ते एका पानाचं आणि पोस्टाच्या तिकिटाचं असतं.